ती तबकडी म्हणजे मीच

मी दिवा बोलतोय. देवघरातला नाही, लग्नाच्या मांडवातलाही नाही. मालगाडीच्या गार्डाचा, पत्र्याचा, वर कडी असलेला, लाल, हिरवा आणि पांढरा असे तीन रंग दाखवणारा सरकारी हातदिवा. सध्या मुक्काम कोसमटोला. दरेकसा स्टेशनात उतरायचं, डोंगराच्या कडेनं जंगलातून दीड तास चालायचं, आणि कुत्री भुंकायला लागली की समजायचं, गाव आलं.

तुम्ही मला पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. मागच्या ऑक्टोबरात तुमच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता. काळं आकाश, त्यात एक ठिपका. तो लाल होतो, हिरवा होतो, पांढरा होतो, पुन्हा लाल होतो आणि सरळ वर चढून थांबतो. मागे कोणी तरी आगगाडीच्या खिडकीतून ओरडतंय, "भाई, देख, देख, उडनतश्तरी!" चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. परग्रहावरची माणसं एवढा प्रवास करून गोंदिया जिल्ह्यात कशाला येतील, हा विचार त्यातल्या एकानंही केला नाही.

ती तबकडी म्हणजे मीच. आता पहिल्यापासून सांगतो, मध्ये बोलू नका.

माझा जन्म रेल्वेच्या एका कारखान्यात झाला. कुठल्या, ते विचारू नका, कारण पाठीवरचा छाप गंजून गेलाय. पोटात रॉकेल, पुढे फुगीर काच, आत रंगीत काचा आणि डोक्यावर त्या फिरवायची मूठ. कामाला लागलो तो सुखरामजी गार्डांच्या हाताखाली. बावीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात आम्ही दोघं. साहेबांचं बोलणं कमी, पण एक वाक्य मला पाठ आहे: "रंग बदलल्याशिवाय गाडी हलत नाही." ऊन असो, पाऊस असो, समोर मंत्री उभा असो. नियम म्हणजे नियम. माझा स्वभाव जरा ताठ आहे असं लोक म्हणतात. असणारच. मी रेल्वेत होतो.

मग बॅटरीचे नवे दिवे आले आणि आम्हाला भंगारात काढलं. साहेबही त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांनी एका कागदावर सही करून मला मागून घेतलं आणि गावी आणलं. निरोपसमारंभात त्यांना शाल मिळाली, मला काही नाही. असो.

कोसमटोल्याच्या डोक्यावर, डोंगराच्या कुशीत एक तलाव आहे. इकडच्या पोवार शेतकऱ्यांच्या आज्या-पणज्यांनी बांधलेला. त्याचं पाणी सोडायच्या दाराला इकडे तुडुम म्हणतात, ज्या शेतात ते जातं त्याला बांधी, आणि पाणी वाटणाऱ्या माणसाला पाणकर. परतीचा पाऊस दगा देतो तेव्हा हेच पाणी धान वाचवतं. गावानं साहेबांना पाणकर केलं. त्याआधी पाण्यावरून दरवर्षी दोन-चार डोकी फुटत. साहेबांनी रेल्वेचा नियम तलावाला लावला. तलावाच्या बांधावर चाळीस हात उंच बांबू रोवला, त्याला दोरी-कप्पी लावली आणि रोज दिवेलागणीला मला वर चढवलं. लाल दिसला की वरच्या बांध्यांची पाळी. दुसऱ्या दिवशी हिरवा, म्हणजे मधल्यांची. तिसऱ्या दिवशी पांढरा, म्हणजे शेवटच्यांची. गावात मोबाईलला रेंज नाही, पण जेवायला बसलेल्या माणसाला दारातून मी दिसायचो. रंग बदलल्याशिवाय पाळी बदलत नाही! डोकी फुटायची थांबली. हे श्रेय मी अर्धं साहेबांना देतो.

तीन वर्षांपूर्वी साहेब गेले. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, तुडुमाची सळई हातात घेतली. गावात कुजबुज सुरू झाली. बाई कधी पाणकर झाली होती का? मागच्या वर्षी सभा बसली आणि वरच्या बांध्यांचे पुनाराम उभे राहिले. पांढरी टोपी, गोड आवाज, आणि पोटात काय चाललंय ते त्यांच्या बैलालाही कळत नाही असा माणूस.

"वहिनीले एक हंगाम देऊन पाहू," ते म्हणाले. "शेवटच्या बांधीत पाणी पोचलं तर बाई पाणकर. नाही पोचलं तर मंग दुसरा माणूस पाहू."

दुसरा माणूस म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

शेवटची बांधी चमेलीची. जंगलाला लागून, पाऊण एकराची. नवरा लखन वनखात्याच्या कामावर महिना-महिना बाहेर, शेती हिचीच. पुष्पाबाई सभेतून उठल्या त्या थेट चमेलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुह्या बांधीत पाणी येईन वो. मी आहो ना."

आता माझ्या आजारपणाची गोष्ट. रॉकेल मिळेना. वात कोरडी पडली. तेव्हा पुष्पाबाईंची सून रेणू पुढे आली. ही गोंदियाजवळ कुडव्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते, आठवडाभर तिकडेच असते आणि शनिवारी स्कूटीवरून घरी येते. तिनं मला उलटं केलं, पोट उघडलं, आतडी काढून फेकली आणि फवारणी पंपाची बॅटरी अन् एक एलईडी आत बसवली. मला विचारलंसुद्धा नाही. बटण दाबलं आणि, देवाशपथ, माझेच डोळे दिपले! उभ्या आयुष्यात मी एवढा कधी चमकलो नव्हतो. रेल्वेत असतो तर दोन स्टेशनं आधीच गाड्या थांबल्या असत्या.

साहेबांच्या शिस्तीप्रमाणे पुष्पाबाई रोज आधी तिन्ही रंग फिरवून पाहत आणि मग मला वर चढवत. बांध मुळातच डोंगरावर. खालून रुळांवरून पाहणाऱ्याला डोंगर दिसायचा नाही, मी तेवढा दिसायचो. दरेकशाजवळ एक गाडी सिग्नलला थांबली, कोणी तरी मोबाईल काढला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शिकाऊ विमान उडवणाऱ्या कोणी तरी तक्रारही केली म्हणे. मग लष्कर आलं.

मंगळवारी सकाळी तीन गाड्या, आठ जवान, दोन तंबू आणि तिवईवर बसवलेली बरीच यंत्रं आली. प्रमुख मेजर दुर्गाप्रसाद, उंच, कामसू, दिवसातून तीनदा दाढीवर हात फिरवून पाहणारे. त्यांच्या हाताखाली सुभेदार सेवकराम, आपल्या तिरोड्याकडचेच. आकाश न्याहाळायला उंच जागा हवी म्हणून त्यांनी तंबू कुठे ठोकला? तलावाच्या बांधावर. माझ्या बांबूच्या बुडाशी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आल्या आल्या हुकूम निघाला. पाच दिवस गावात उघड्यावर एकही दिवा लावायचा नाही, म्हणजे आकाशातला उजेड नीट टिपता येईल. पुष्पाबाई बिचाऱ्या सरळ. जवानांचं काम आहे, देशाचं आहे, म्हणून त्यांनी मला खाली उतरवून तुडुमाजवळच्या झोपडीत खुंटीला टांगलं. तेवढ्यात मेजरसाहेब आत डोकावले.

"अरे वा, पुरानी रेलवे की लालटेन! माताजी, दो-चार दिन रख लूँ? हवा बहुत है, कागज उड़ते हैं."

आणि त्यांनी मला टेबलावर फायलीवर ठेवलं. फायलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अज्ञात प्रकाशवस्तू'. मी माझ्याच फायलीवर वजन म्हणून बसलो. अपमान म्हणावा की बढती, अजून ठरवता आलेलं नाही.

बुधवारी चौकशी झाली. एकेकाला तंबूत बोलावून सुभेदार छापील प्रश्न विचारत.

"मावशी, आकाशात अनोळखी उजेड पाहिला का?"

"नाही जी," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी रोज इथंच असतो. अनोळखी कायच नाही दिसलं."

खोटं काय बोलल्या? मी अनोळखी थोडाच होतो! चमेली आली, तीही नाही म्हणाली. गुराखी आला, तोही नाही म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहत पाहत 'नाही' सांगितलं. ज्या दिव्याला पाहून ते रोज जेवायला बसतात, त्याच्यासाठी दिल्लीहून यंत्रं येतील, हे कुणाच्या डोक्यात कसं येणार?

एकाच्या आलं. पुनारामांनी तो व्हिडिओ गोंदियात पाहिला होता आणि मला बरोब्बर ओळखलं होतं. ते तंबूत आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "पाहिली ना जी, तबकडी! ताटाएवढी होती."

"ताटाएवढी?"

"परातीएवढी म्हणा. कालही आल्ती. आणखी येईन. तुमी राहा ना जी, घाई कायची आहे?"

राहा म्हणण्याचं कारण मला माहीत होतं. सोमवारी रात्री शेवटचा रंग दाखवला होता तो लाल. म्हणजे पाळी वरच्या बांध्यांची, म्हणजे पुनारामांची. आणि रंग बदलल्याशिवाय पाळी बदलत नाही! पुष्पाबाई खाली जाऊन त्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुमची पाळी झाली, पाणी खाली सोडा." तर हे टोपी सारखी करत म्हणतात, "हिरवा दिवा कुठं आहे, वहिनी? मी नियम मोडतो का? तुह्याच घरधन्यानं केला नियम. सुखरामजींचा आत्मा काय म्हणन?"

मी फायलीवर बसून चरफडलो. माझाच नियम, आणि हा माणूस त्याच्यावर आपली बांधी भिजवतोय!

गुरुवारी परातीची बैलगाडी झाली. शुक्रवारी मेजरसाहेबांनी वहीत लिहिलं: व्यास अंदाजे बारा मीटर. रात्रभर आठ जवान आळीपाळीनं वर पाहत बसले आणि काहीच दिसलं नाही. त्यावर साहेबांनी आणखी लिहिलं: आमच्या आगमनाची वस्तूला चाहूल लागलेली दिसते. वस्तू बुद्धिमान असावी.

खरं सांगतो, ते वाचून मला क्षणभर बरं वाटलं. रेल्वेनं कधी असं लिहिलं नव्हतं. पुढच्याच ओळीत मुक्काम आणखी पाच दिवस वाढवण्याची शिफारस होती, आणि माझं बरं वाटणं संपलं.

शनिवारी दुपारी चमेली बांधावर आली. ओच्यात धानाच्या चार लोंब्या होत्या. तिनं एक दाणा पुष्पाबाईंसमोर नखानं दाबला. या दिवसांत धान दुधावर असतो, दाणा दाबला की पांढरं दूध यायला हवं. जेमतेम एक थेंब आला.

"जमीन फाटून राहिली, बाई," ती म्हणाली. "आज पाणी आलं तर आलं. उद्या नुसता पोचा दाणा राहीन."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त लोंब्या तिथे ठेवून निघून गेली. पुष्पाबाईंना काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. मला स्वतःला मात्र फार वाईट वाटलं.

तासाभरात रेणूची स्कूटी आली. हेल्मेट काढायच्या आत तिनं सासूसमोर मोबाईल धरला.

"आई, हे पाहा! अख्खं कुडवा पाहून राहिलं. हा आपला दिवा होय ना?"

पुष्पाबाईंनी पाहिलं. एकदा, दोनदा. "अवो माय! म्हणजे हे लष्कर माह्यासाठी आलं?"

नेमके तेव्हाच पुनाराम आले. हा माणूस हवा तेव्हा कधी सापडत नाही आणि नको तेव्हा हटकून येतो. "बोलू नको, वहिनी," ते हळूच म्हणाले. "लष्कराले फसवलं म्हणतीन. बारा वर्षं जेल! चुपचाप राहा. आणखी पाच दिवसांत जातीन ते."

पाच दिवस! चमेलीकडे एकच उरला होता. पुष्पाबाईंनी त्या चार लोंब्यांकडे पाहिलं. मग पदर खोचला.

दिवेलागणीला त्या तंबूत शिरल्या. मेजरसाहेब लिहीत होते.

"साहेब, दिवा द्या."

"माताजी, अभी लाइट मना है."

"माहीत आहे जी. पण पाळी बदलाची आहे." आणि त्यांनी मला फायलीवरून उचललं.

वारा होताच. अज्ञात प्रकाशवस्तूचे कागद भर्रकन तंबूबाहेर उडाले. अर्धे झुडपात, अर्धे तलावात. चार जवान कागदांमागे धावले, साहेब जवानांमागे. पुष्पाबाई बांबूपाशी आल्या. बटण दाबलं, मुठीवर हात ठेवला, आणि थांबल्या.

लालनंतर हिरवा. तोच नियम. तिसरा दिवस पांढऱ्याचा. पण हिरव्यात आज गेला असता आणि चमेलीचा धानही. माझी मूठ जरा कडक आहे, अडून बसायला मला तेवढा ताठा पुरला असता. पण मी म्हटलं, सुखरामजी, माफ करा. त्या बाईनं मूठ वळवली आणि मी मऊसूत फिरलो. थेट पांढरा. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला, आणि सांगतो, छान वाटलं.

कप्पी कुरकुरली. मी वर निघालो. आणि काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! तिवईवरची सगळी यंत्रं एकदम ओरडायला लागली. पलीकडच्या टेकडीवरचा पहारेकरी वायरलेसवर किंचाळला, "सर! दिख गया! सफेद है! ऊपर जा रहा है! रुक गया, सर!"

मेजरसाहेब कमरेपर्यंत ओले, एका हातात भिजलेले कागद, दुसऱ्या हातात वायरलेस. "दिशा बताओ! दिशा!"

"सर, आपके ठीक ऊपर!"

साहेबांनी मान वर केली. मी खाली पाहिलं. आम्हा दोघांची पहिल्यांदा नीट नजरानजर झाली. मग त्यांनी बांबू पाहिला, दोरी पाहिली, दोरी धरून उभ्या असलेल्या पुष्पाबाई पाहिल्या. मग सुभेदार सेवकरामांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबेना.

पुष्पाबाई हसल्या नाहीत. "साहेब, तुमचा हुकूम मोडला. न्यायचं तर न्या. पण पाणी त्या शेवटच्या बांधीत पोचेपर्यंत मी इथून हलणार नाही. मंग कुठं म्हणाल तिथं येतो."

सुभेदारांनी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या गावीही तलाव होता, पाणकर होता. तीन रंग, तीन पाळ्या, चमेलीची बांधी, आणि वरच्या बांध्यांत पाच दिवस अडलेलं पाणी. साहेबांनी विचारलं, "और वह बारह मीटर?" सुभेदार गोंधळ ऐकून वर आलेल्या पुनारामांकडे पाहत राहिले. पुनाराम आपल्या टोपीकडे. मग म्हणाले, "गुरांना पाणी दाखवाचं आहे," आणि गेले. पांढरा लागला होता. खाली जाऊन त्यांना स्वतःच्या हातानं पाटाचं तोंड मोकळं करावं लागलं, कारण सगळं गाव आपापल्या दारात उभं राहून माझ्याकडे पाहत होतं.

मेजरसाहेबांनी खुर्च्या बाहेर मागवल्या. एक पुष्पाबाईंना दिली, एकीवर स्वतः बसले. दोघंही खाली अंधारात पाहत राहिले. चहा आला, गार झाला. दोन तास गेले असतील. मग लांब, जंगलाच्या कडेला, एक बारीक उजेड हलला. एकदा, दोनदा, तीनदा.

"वह क्या लाइट है?" साहेब ताडकन उठले. सवय लागली होती.

"सर," सुभेदार म्हणाले, "पानी पहुँच गया."

पुष्पाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, मोठ्यानं, लहान पोरीसारख्या. मेजरसाहेबांनी एकदम आपली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ ती खाली घेतलीच नाही. माझ्या जागेवरून दिसत होतं, की तिच्या काचांवरची टोपणं त्यांनी काढलेली नव्हती.

अहवाल मेजरसाहेबांनी खरा लिहिला, त्यात आडपडदा ठेवला नाही. त्यावर बातमीही झाली: 'तबकडी नव्हे, पाणकरणीचा दिवा.' ती किती जणांनी पाहिली? तीनशे अकरा. चालायचंच. सभाही बसली. पुनाराम म्हणाले, "मी तं पहिलेपासूनच सांगून राहिलो होतो, वहिनीच पाहिजे." लोक एवढे हसले की ठराव वाचायचा राहून गेला. टाळ्या वाजवून मंजूर झाला.

एक अट मात्र कायमची बसली. मला वर चढवण्याआधी लष्कराच्या ठाण्यात फोन करून कळवायचं. म्हणून आता पाण्याच्या दिवसांत पुष्पाबाई रोज मला हातात घेऊन टेकडीवरच्या बेहड्याच्या झाडाखाली जातात, तेवढीच काय ती रेंज, आणि सांगतात, "हॅलो, आज हिरवा आहे जी." पलीकडचा जवान लिहून घेतो. पहिल्या आठवड्यात तो नुसतं 'ठीक है' म्हणायचा. हळूहळू विचारायला लागला, पाणी किती आहे, शेवटच्या बांधीत लोंबी भरली का. तोही कुणा शेतकऱ्याचाच पोरगा असणार.

मी आता म्हातारा झालोय. पत्रा गळतो, कडी सैल झालीय, पण काच शाबूत आहे. तुम्हाला एकच विनंती. कधी दरेकशाजवळ गाडी थांबली आणि डोंगरावर माझ्यासारखं काही चमकताना दिसलं, तर लगेच मोबाईल काढू नका. शेजारी कोणी इकडचं माणूस असेल तर विचारा, आज पाणी कोणाचं?

काल हंगामातला शेवटचा फोन झाला. पुष्पाबाई म्हणाल्या, "उद्यापासून दिवा लागणार नाही जी. धान कापाले आला."

पलीकडे लिहिण्याचा आवाज थांबला.

"चमेलीबाई का भी?"

"हव जी," पुष्पाबाई म्हणाल्या, "तिचा पहिले."